चित्रपट पाहिले शंभर, पटकथा मात्र पुढे सरकेना

प्रश्न : गेली दोन वर्षे मी जुने आणि परदेशी चित्रपट नेमाने पाहत आहे आणि प्रत्येकाचे कथासार वहीत लिहून ठेवतो. शंभरावर चित्रपट झाले. पण स्वतःची पटकथा लिहायला बसलो की एक तर पाहिलेलेच प्रसंग कागदावर उतरतात, नाही तर पात्रे नुसती बोलत बसतात. माझे पाहणे कुठे चुकते आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चूक बहुधा आपल्या वहीत आहे. कथासारात काय घडले ते उतरते. ते प्रेक्षकाला कसे कळले, हे मात्र निसटते आणि पटकथाकाराला हवे असते नेमके तेच.

इटालियन दिग्दर्शक डी सिका यांचा १९४८चा ‘बायसिकल थीव्ज’ आपण पाहिलाच असेल. सायकल असेल तरच नोकरी मिळणार आणि ती तर गहाण पडलेली, म्हणून नायकाची बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि गहाण टाकायला नेते. दुकानातला माणूस ते गाठोडे घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो, तेव्हा आपल्याला दिसते की तिथे छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. युद्धानंतरच्या रोममधील घराघरांची अवस्था सांगायला एकही संवाद खर्च झालेला नाही. वहीत पानाच्या डाव्या बाजूला ‘काय दिसले, काय ऐकू आले’ आणि उजवीकडे ‘त्यातून मला काय कळले’ असे लिहून पाहा. आपली पात्रे बोलतच का बसतात, याचे उत्तर आपल्याच पटकथेला ही कसोटी लावल्यावर मिळेल.

पाहिलेलेच प्रसंग उतरतात, त्याचे कारण निराळे आहे. याच चित्रपटात बाप रागाच्या भरात मुलाला थोबाडीत मारतो, थोड्या वेळाने नदीत कोणी मुलगा बुडत असल्याचा गलबला ऐकून त्याच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि आपला मुलगा सुखरूप दिसल्यावर तो त्याला खिशाला न परवडणाऱ्या हॉटेलात जेवायला नेतो. लक्षात राहते ते हॉटेल, आणि नवा लेखक उचलतोही तेच. पण ती थोबाडीत काढून टाकली, तर जेवण नुसती चैन ठरेल. बापाच्या मनावरचे ओझेच त्या प्रसंगाला उभे करते. तेव्हा आवडलेला प्रसंग टिपताना त्याच्या आधीचे दोन प्रसंगही टिपावेत. घ्यायचीच तर ही बांधणी घ्यावी. हॉटेल रोमचे रोमलाच राहू द्यावे.

सत्यजित राय यांनी हा चित्रपट १९५०मध्ये लंडनच्या मुक्कामात पाहिला आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या त्याआधीच्या एका सवयीची चर्चा मात्र कमी होते, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. एखाद्या परिचित कथेवर चित्रपट निघणार असे कळले, की ते आधी स्वतःच तिची पटकथा लिहून पाहत आणि चित्रपट आल्यावर तिच्याशी ताडून बघत.

एक इशारा द्यायला हवा. संवादलेखन सबटायटल्सवरून शिकू नये. पडद्यावर वाचायला वेळ थोडा असल्याने सबटायटलमध्ये बोलण्याचा संक्षेप येतो. पात्राची अडखळ, बोलीचा हेल, अर्धवट सोडलेले वाक्य हे सारे गळून पडते. संवादांसाठी आपल्या एसटी स्टँडवर तासभर बसणे अधिक उपयोगाचे.

रायांच्या सवयीसारखा अभ्यास आपल्यालाही करता येईल. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचा १९५२चा ‘इकिरू’ अद्याप पाहिला नसेल तर उत्तमच. (पुढचे वाक्य थोडा रसभंग करील, त्याबद्दल क्षमस्व.) कर्करोग झालेला त्याचा नायक, एक सरकारी अधिकारी, चित्रपट सुमारे दोन-तृतीयांश झाला असतानाच मरण पावल्याचे निवेदक सांगतो. तिथेच चित्रपट थांबवावा. नायक नसताना उरलेली गोष्ट कोणाच्या तोंडून आणि कोणत्या क्रमाने सांगाल, हे दहा-बारा पानांत लिहावे, आणि ती पाने पुरी झाल्याशिवाय पुढचा भाग सुरू करू नये.