राजीनाम्याचा मेल पाठवण्याआधी

नवा साहेब आला की महिन्या-दीड महिन्यात पत्रे सुरू होतात आणि बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने होतो : 'राजीनामा देऊन मोकळा होऊ का?' गोंधळ तोच तोच आहे, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले. तुमचे नेमणूकपत्र माझ्यासमोर नाही. ते वाचून सल्ला देणाऱ्याचे म्हणणे माझ्या उत्तरापेक्षा वरचे समजा.

प्र. नवे मॅनेजर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर काम टाकतात. लगेच उत्तर द्यायलाच हवे का?

नाही. सकाळी कामावर आल्याबरोबर 'पाहिले, आज चारपर्यंत देतो' एवढे लिहा आणि चारला द्या.

प्र. आधीच्या साहेबांना माझे काम पसंत होते. नवे येऊन सहा आठवडे झाले. प्रत्येक रिपोर्टवर 'असं नाही चालणार' म्हणतात, पण काय हवंय ते सांगत नाहीत. मुद्दाम त्रास देतायत का?

इतक्यात तसे ठरवू नका. सहा आठवड्यांत त्यांनाच खाते पुरते कळलेले नसते, वरून आकडे दाखवण्याचा तगादा असतो आणि न कळलेला कागद परत करणे सर्वांत सोपे असते. त्यांच्याकडे वीस मिनिटे मागा. जाताना एक पान न्या, त्यावर तीन रकाने : माझ्याकडची कामे, प्रत्येकाची तारीख, तुमच्या निर्णयावाचून अडलेले. सोबत शेवटचा नाकारलेला रिपोर्ट छापून न्या, समोर ठेवा आणि विचारा, 'यातला कुठला तक्ता काढू? पहिल्या पानावर कुठला आकडा हवा?' 'माझं काय चुकतं?' असे मोघम विचारले तर उत्तरही मोघमच मिळते. 'आधीचे साहेब असं करायचे' हे वाक्य त्या खोलीत नको.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी मेल करा : 'आजच्या बोलण्यानुसार साप्ताहिक रिपोर्ट शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत, दोन पानांत, थकबाकीचा आकडा पहिल्या ओळीत. काही राहिले असल्यास कळवावे.' सीसीमध्ये कोणी नको. वरच्यांना सीसी केली की साध्या नोंदीची तक्रार होते आणि समोरचा सावध होऊन बोलणे थांबवतो.

प्र. सरळ त्यांच्या वरिष्ठांकडे गेले तर?

स्वतः बोलून आणि ते लेखी करून झाल्यावरच जा. पैशांचा गैरव्यवहार, लैंगिक छळ, जातिवाचक शिवीगाळ किंवा जिवाला धोका असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

प्र. त्यांचे ओरडणे फोनवर गुपचूप रेकॉर्ड केले आहे. पुरावा म्हणून चालेल ना?

नुसती क्लिप पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ फोन जपा, क्लिप कापू नका, ग्रुपवर फिरवू नका. तुम्ही हजर नसलेल्या खोलीत फोन चालू ठेवून येणे तर अजिबात नको. वकिलाला ऐकवल्याशिवाय ती बाहेर काढू नका.

प्र. नव्या हेडनी मला पीआयपीवर, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवण्याच्या योजनेवर, टाकले. काल एचआरच्या खोलीत राजीनाम्याचा तयार मजकूर दाखवला : 'आत्ता मेल करा, नाहीतर टर्मिनेट करू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही.' मी केला. मित्र म्हणतात, रिलीव्हिंग लेटर चांगले मिळेल, विषय संपव. नोकरीला साडेचार वर्षे झाली.

विषय संपलेला नाही, पण तुमच्या हातातली वेळ संपत आली आहे. हे वाचून होताच एचआरला मेल करा : 'दि. अमुक रोजी अमुक वाजता, अमुक यांच्या उपस्थितीत, मला राजीनामा पाठवण्यास भाग पाडण्यात आले. तो माझ्या इच्छेने दिलेला नाही. मी तो मागे घेत आहे व कामावर हजर राहण्यास तयार आहे.' रागाचा एकही शब्द नको. मेल स्वतःच्या वैयक्तिक पत्त्यावरून पाठवा, कारण कंपनीचे लॉगिन कधीही बंद होते. उद्या नेहमीच्या वेळी कामावर जा. गेटवर अडवले तर तिथूनच तारीख-वेळ घालून दुसरा मेल करा.

राजीनामा स्वीकारल्याचे कळवले जाण्याआधी मागे घेतला, तर तुमची बाजू भक्कम होते. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याच मुद्द्यावर कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी कंपनीत नेमणूकपत्राच्या अटी पाहाव्या लागतात, म्हणून आधी मेल आणि त्याच दिवशी कामगार कायद्याचा वकील. आठवडाभर मित्रांना विचारत बसून लोक ही बाजू घालवतात, याचे मला फार वाईट वाटते.

कंपनीला तुमचा राजीनामाच का हवा, ते समजून घ्या. कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराची कपात केली तर एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे तर आरोपपत्र आणि चौकशी करावी लागते. 'स्वेच्छेने' दिलेल्या राजीनाम्यात हे सगळे वाचते. कार्डावर एक्झिक्युटिव्ह छापले म्हणजे आपण कामगार नाही, ही ऐकीव गोष्ट सोडा. पदाचे नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिले जाते. शिवाय तुमच्या ग्रॅच्युइटीला सहा महिने उरलेत. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० धरले, तर २६ ने भागून दिवसाचे १,०००, वर्षाचे १५ दिवस, पाच वर्षांचे ७५,०००. एका मेलने पाऊण लाख हातचे जातात.

आता चुका. घाबरून ग्राहकांच्या याद्या, कंपनीच्या फायली स्वतःच्या जीमेलवर ढकलू नका. तुमच्यावर ठेवायला गैरवर्तनाचा ठपका मिळत नव्हता, तो तुम्हीच पुरवता. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेजलची पत्रे, पीआयपीची प्रत हे तुमचे कागद, तेवढे जपा. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर 'माझे काहीही येणे नाही' असे छापलेले असते. सही करावीच लागली तर वर हाताने 'हक्क राखून स्वीकारले' लिहा आणि फोटो काढा. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो वा बडतर्फी, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. सहीसाठी ते अडवून धरता येत नाही. आणि '९९९ रुपयांत लीगल नोटीस'वाल्यांकडे जाऊ नका. साच्यात नाव घालून पाठवलेल्या नोटिशीत एखादी तारीख चुकते आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तुम्हाला तीच दाखवली जाते.

ज्यांच्या हातात आज फक्त पीआयपी आहे त्यांनी पोच देताना 'मिळाले, मजकूर मान्य नाही' असे लिहावे. दोन दिवसांत लेखी विचारावे : उद्दिष्ट कोणते, मोजणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत. दर आठवड्याच्या आढाव्यानंतर वर सांगितला तसा मेल करावा. राजीनामा द्यायचाच असेल तर दुसरी नोकरी हातात आल्यावर, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या घरी बसून द्यावा.

प्र. नवे बॉस एकटीला थांबवून शरीरावर शेरे मारतात. चार महिने झाले. ट्रान्सफर होईल म्हणून वाट पाहिली. आता उशीर झाला का?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. प्रकार चालू असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात आणि समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. म्हणजे दार उघडे आहे, पण आणखी वाट पाहू नका. तक्रारीच्या सहा प्रती, साक्षीदारांची नावे-पत्ते आणि मेसेज जोडून अंतर्गत समितीकडे द्या. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. अर्जातच मागा की चौकशी संपेपर्यंत तुमचे मूल्यमापन या बॉसनी करू नये. समिती तशी शिफारस करू शकते आणि बहुतेक जणी नेमके हेच मागायचे विसरतात. 'आपसात मिटवून घ्या' असे कोणी सुचवले तर समेट फक्त तुमच्या मागणीवरून होतो, पैसे घेऊन नाही. अर्ज लिहिताना वकील किंवा महिला संघटनेची कार्यकर्ती सोबत घ्या.

प्र. मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. नव्या साहेबांनी गोपनीय अहवालात शेरा खराब दिला, असे शिपायाकडून कळले.

शिपायाचे सोडा, अहवालाची प्रत लेखी मागा. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात २००८ मध्येच सांगितले आहे. प्रत मिळाली की मुदतीत निवेदन द्या. मसुदा संघटनेच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

प्र. रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडते, झोप येत नाही. कोणी 'स्ट्रेस पॅकेज'ची गोळ्या-चूर्णे सुचवली आहेत.

घेऊ नका. छातीतली धडधड आधी डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा. तो ठीक निघाला तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी तारखेसह जपून ठेवा, रजेच्या अर्जाला तीच जोडायची आहे.