पिट्सबर्ग तीन लाखांचे शहर आहे की चोवीस लाखांचे, आणि तेथे घर कोठे घ्यावे?

आपण लिहिले आहे की अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ऑकलंड भागातील विद्यापीठात आपल्या यजमानांना नोकरी मिळाली आहे, मुलगी पाच वर्षांची आहे, पिट्सबर्गची लोकसंख्या एका ठिकाणी तीन लाख तर दुसऱ्या ठिकाणी चोवीस लाख दिलेली दिसते, आणि "इतक्या लहान गावात" घर नेमके कोठे घ्यावे हे कळत नाही. मी १९९६ पासून येथे राहते आणि त्यातील बहुतेक वर्षे रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून या महानगरात दारोदार हिंडले आहे. "इतक्या लहान गावात" हे शब्द मी आमच्याच कुटुंबात इतकी वर्षे ऐकत आले आहे की आपला प्रश्न वाचून गप्प राहणे मला जमले नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत. २०२० च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत ३,०२,९७१ माणसे मोजली गेली, आणि ही हद्द जेमतेम १४३ चौरस किलोमीटर जमिनीची आहे. शहर ज्या अ‍ॅलेगनी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिची लोकसंख्या १२,५०,५७८ होती. अ‍ॅलेगनी, आर्मस्ट्राँग, बीव्हर, बटलर, फेएट, वॉशिंग्टन आणि वेस्टमोरलँड या सात काउंट्यांचे मिळून जे महानगर त्या वेळी धरले गेले, त्याची लोकसंख्या २३,७०,९३० भरली. २०२३ मध्ये लॉरेन्स काउंटीही त्यात धरली जाऊ लागली, म्हणून अलीकडच्या आकड्यांत चोवीस लाखांच्या पुढची संख्या दिसते. म्हणजे महानगरातील दर आठ माणसांपैकी एकच माणूस शहराच्या हद्दीत राहतो. उरलेली सात माणसे त्याच रुग्णालयांत उपचार घेतात, त्याच पुलांवरून कामाला जातात आणि बाहेरगावी कोणी विचारले तर आपण पिट्सबर्गचे आहोत असेच सांगतात.

हद्द इतकी आखूड का, याचेही कारण आहे. १९०७ मध्ये पिट्सबर्गने नदीपलीकडचे अ‍ॅलेगनी हे स्वतंत्र शहर आपल्यात सामावून घेतले. अ‍ॅलेगनीच्या बहुसंख्य मतदारांचा त्याला विरोध होता. परंतु दोन्ही शहरांची मते एकत्र मोजली गेली, प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल पिट्सबर्गच्या बाजूने लागला. त्यानंतर आसपासच्या वस्त्यांनी आपापली स्वायत्तता जिवापाड जपली. आज एकट्या अ‍ॅलेगनी काउंटीत १३० स्वतंत्र स्थानिक संस्था आणि ४३ शालेय जिल्हे आहेत. माउंट ऑलिव्हर नावाची वस्ती तर चारही बाजूंनी पिट्सबर्गने वेढलेली असूनही वेगळी आहे. टपालाच्या पत्त्यात "पिट्सबर्ग" लिहिलेली कितीतरी घरे शहराच्या हद्दीबाहेर असतात, त्यामुळे घर पाहताना पत्त्यावर विसंबू नये.

आता जमिनीविषयी. मी मूळची कराडची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात तो प्रीतिसंगम पाहत मी मोठी झाले, त्यामुळे ईशान्येकडून येणारी अ‍ॅलेगनी नदी आणि दक्षिणेकडून येणारी मोनोंगाहेला जेथे मिळतात आणि जेथून पुढे ओहायो नदी सुरू होते ते टोक पाहिल्यावर हे शहर आपल्याला लगेच उमगेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही, कारण येथील टेकड्या मुळात टेकड्या नाहीत. हे एक पठार आहे आणि नद्यांनी, ओढ्यांनी ते खोल चिरत नेले आहे. म्हणूनच सगळे माथे जवळपास एकाच उंचीचे दिसतात. आपल्याकडील सह्याद्रीच्या सपाट माथ्यांची घडणही अशीच आहे, फक्त तेथे काळा कातळ आहे आणि येथे वालुकाश्म, शेल आणि दगडी कोळसा आहे. संगमासमोरचा माउंट वॉशिंग्टन नदीपासून सुमारे चारशे फूट उंच उठतो. त्याचे जुने नाव "कोल हिल", कारण कोळशाचा थर त्याच्या कुशीतच उघडा पडलेला होता. कोळसा जवळ, नदीची वाहतूक दाराशी, म्हणून पोलादाचे कारखाने येथे आले. कारखान्याला आणि रेल्वेला सपाट जमीन लागते, आणि सपाट जमीन फक्त नदीकाठी होती. ती त्यांनी घेतली. कामगारांच्या वाट्याला उतार आले. १८७० आणि १८७७ मध्ये सुरू झालेले, रुळांवरून डबे कड्यावर ओढून नेणारे दोन इन्क्लाइन आजही चालतात, आणि शहरात सातशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत. त्यातील कित्येक जिने नकाशावर रस्ता म्हणूनच नोंदलेले असतात.

हे मी १९९८ च्या फेब्रुवारीत शिकले. तेव्हा मोबाइलमध्ये नकाशे नव्हते; कार्यालयातून सकाळी पत्त्यांची यादी मिळे आणि आम्ही छापील नकाशावरून दिवस आखत असू. त्या दिवशी मला चार घरे दिली होती. दुसरे घर साउथ साइड स्लोप्स भागात होते आणि तिसरे हेझलवुडमध्ये, नदीच्या पलीकडे. नकाशावर दोन्हींमधील अंतर माझ्या अंगठ्याएवढे होते.

दुसऱ्या घराच्या रस्त्याच्या तोंडाशी मी पोहोचले तेव्हा समोर रस्ता नव्हताच. काँक्रीटचा अरुंद जिना वर झाडीत गेला होता, एका बाजूला लोखंडी नळीचा कठडा होता, आणि रस्त्याच्या नावाची पाटी त्या जिन्यालाच लावलेली होती. रात्री बर्फ पडून सकाळी त्याचा काचेसारखा थर झाला होता. खांद्यावर उपचाराची पिशवी आणि हातात चालण्याचा वॉकर घेऊन मी एकशे बारा पायऱ्या चढले; ती संख्या मला आजही आठवते, कारण कठड्याचा दांडा धरून मी एकेक पायरी मोजत होते. घराचे पुढचे दार त्या जिन्यावरच उघडत होते. त्याला दुसरी वाटच नव्हती.

आत एक्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर दोघा माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणले होते. त्या दिवसापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. मला पाहताच त्यांनी "बाहेर फार स्लिपी आहे ना?" असे विचारले, निसरड्याला येथे असे म्हणतात, आणि या गावच्या बोलीतला मी शिकलेला तो पहिला शब्द. त्यांचे आईवडील स्लोव्हाकियातून आले होते, यजमान खाली नदीकाठच्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि रोज याच जिन्याने ये-जा करीत. कारखाना बंद पडला तेव्हा दोन्ही मुलगे तिशीच्या आत होते. एक ह्यूस्टनला गेला, दुसरा शार्लटला. नातवंडे तिकडेच जन्मली. खिडकीतून त्यांनी मला नदीपलीकडचे हेझलवुड दाखवले आणि म्हणाल्या, "तिथं जायचंय ना तुला? मग आत्ताच नीघ." मला त्याचा अर्थ कळला नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या वस्तीत जाण्यासाठी मला जिना उतरून, गाडी वळवून, दूरचा पूल गाठून आणि पलीकडच्या काठाने मागे येऊन तास लागला. जवळ एक पूल दिसत होता. पण तो वितळलेले लोखंड नदीपार नेण्यासाठी बांधलेला जुना रेल्वेपूल होता आणि २००० साली मोटारींसाठी खुला होईपर्यंत आमच्या उपयोगाचा नव्हता. चौथे घर राहून गेले. संध्याकाळी माझ्या वरिष्ठांनी नकाशावर पट्टी ठेवून मला विचारले की दीड मैलाला तास कसा लागतो. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. पुढचे चार महिने मी आठवड्यातून दोनदा तो जिना चढले आणि मे महिन्यात त्या बाई माझा हात धरून तो स्वतः उतरल्या.

लोकसंख्येचा सगळा इतिहास मला त्या घरात कळला. १९५० मध्ये शहरात ६,७६,८०६ लोक होते. अ‍ॅलेगनी काउंटीचा उच्चांक १९६० चा, १६,२८,५८७. पुढे माणसे उपनगरांत गेली, आणि १९८० च्या दशकात पोलाद कोसळले तेव्हा तरुण माणसे प्रदेशच सोडून गेली. ज्यांची मुले येथे व्हायची तेच गेले, म्हणून नंतर कित्येक वर्षे या महानगरात जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत राहिले. मोनोंगाहेलाच्या काठावरील ब्रॅडक येथे १८७५ मध्ये सुरू झालेला एडगर थॉमसन कारखाना अजून चालतो, परंतु १९२० मध्ये वीस हजारांहून अधिक वस्तीच्या त्या गावात २०२० मध्ये १,७२१ माणसे उरली होती. हे दुःख खरे आहे आणि मी ते लपवत नाही. मात्र त्याला मरण म्हणणे मला मान्य नाही. २०१० ते २०२० या दशकात अ‍ॅलेगनी काउंटीची लोकसंख्या साठ वर्षांत प्रथमच वाढली. रुग्णालये आणि विद्यापीठे यांनी पोलादाची जागा घेतली आहे, आणि आपल्या यजमानांची नोकरी त्याच बदलातून आलेली आहे.

माझे धाकटे दीर शेजारच्या ओहायो राज्यातील कोलंबसला राहतात, येथून मोटारीने तीन तासांवर. २००३ च्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. माझ्या यजमानांना तेथे एक चांगली नोकरी देऊ केली होती आणि मी नको म्हणत होते. फराळाच्या ताटांवर सगळ्यांसमोर भावोजी म्हणाले, "वहिनी, तुमचं गाव सव्वातीन लाखांचं, आमचं शहर सात लाखांचं. मरणाऱ्या गावात मुलांना का ठेवताय?" माझ्याजवळ आकडे नव्हते. मी मान खाली घालून चकलीचा तुकडा मोडत राहिले. आम्ही ती नोकरी घेतली नाही, आणि तो निर्णय माझ्या हट्टामुळे झाला असे त्या घरात अजून मानले जाते.

आज मी त्यांना हे सांगेन. कोलंबसने १९५० च्या दशकापासून आपले पाणी आणि मलनिस्सारण हवे असेल तर हद्दीत या, असे धोरण ठेवले आणि शहर पसरत गेले. त्याची हद्द पिट्सबर्गच्या जवळजवळ चौपट आहे. २०२० मध्ये कोलंबस शहर ९,०५,७४८ चे होते, म्हणजे पिट्सबर्गच्या तिप्पट. पण महानगर २१,३८,९२६ चे, म्हणजे पिट्सबर्गपेक्षा दोन लाखांहून अधिक लहान. त्याच जनगणनेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल ९,४९,६११ आणि अटलांटा ४,९८,७१५ आहे. साठ लाखांच्या महानगराचे केंद्र असलेल्या अटलांटाला कोणी जॅक्सनव्हिलच्या निम्मे म्हणत नाही. शहराच्या हद्दीचा आकडा राजकारण सांगतो. माणसांची वस्ती, बाजार, रुग्णालये आणि नोकऱ्या किती आहेत हे पाहायचे असेल तर महानगराचाच आकडा घ्यावा.

घराविषयी माझे मत स्पष्ट आहे: ऑकलंडला काम असेल तर नदी किंवा बोगदा ओलांडावा लागणार नाही असे घर घ्या. स्क्विरल हिल पाहा. ते शहरातच आहे, मधे नदी नाही, बस चांगली आहे. तेथे मिळकतीवर शहराचा आणि शाळेचा मिळून तीन टक्के कर पडतो आणि बहुतेक उपनगरांत एक टक्का, हे अनेक जण मोठ्या आवाजात सांगतील. त्यांना पूर्वेच्या उपनगरांतून येताना लागणाऱ्या स्क्विरल हिल बोगद्यापाशी रोज सकाळी किती वेळ थांबावे लागते तेही विचारा. पूर्वेकडील मन्रोव्हिल आणि पेन हिल्स भागांत आपली मंदिरे आहेत, आणि पेन हिल्सचे व्यंकटेश्वर मंदिर १९७० च्या दशकापासूनचे आहे. सणवार तेथे होतील, पण त्यासाठी तेथे राहण्याची आवश्यकता नाही. उत्तरेचे क्रॅनबेरी नवे आहे, घरे मोठी आहेत, भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. २०२० मध्ये तेथील वस्ती तेहतीस हजारांवर गेली होती. परंतु ते वीस मैलांवर आहे आणि हिवाळ्यात ते वीस मैल फार लांब होतात. मुलीला दम्याचा त्रास असेल तर क्लेअरटनच्या कोक कारखान्याच्या (कोक म्हणजे पोलादासाठी भाजलेला दगडी कोळसा) बाजूची मोनोंगाहेलाची दरी टाळा. थंड हवा दरीत साचून राहते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर त्याच्याखाली अडकतो. याच दरीतील डोनोरा येथे १९४८ मध्ये अशाच साचलेल्या धुराने वीस माणसे गेली होती.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. माझी मुले शाळेतून बाहेर पडून बरीच वर्षे झाली, त्यामुळे शाळांविषयी माझ्यावर विसंबू नका. तेथील शाळांत सध्या मुले असलेल्या दोन-तीन कुटुंबांना विचारा. घर पसंत पडले तर ते एकदा फेब्रुवारीत बर्फ पडल्यानंतर पाहा, आणि रस्ता दारापर्यंत येतो की जिना होतो हे स्वतः चालून पाहा. कोलंबस पिट्सबर्गपेक्षा वेगाने वाढत आहे हेही खरे आहे, आणि काही वर्षांनी त्याचे महानगरही आमच्यापुढे जाईल. ते झाले की मी भावोजींना स्वतः फोन करून मान्य करीन. फक्त ते त्यांनी महानगराच्या आकड्यावरून म्हणावे.