टीव्हीचा आवाज 40 वर ठेवूनही सासऱ्यांना संवाद कळत नाहीत, घरात रोज वाद होतात. काय करता येईल?

तुमचे सासरे म्हणतात ते खरं माना. आवाज येतो, शब्द कळत नाही. मीही त्यातलाच आहे. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली. धोट्याच्या खडखडाटात आम्ही हातवारे आणि ओठांवरच बोलणं भागवायचो. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत.

वय असो की गोंगाट, कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतो. गोंगाटाने झालेलं नुकसान तर बहुतेकदा 4000 हर्ट्‌झच्या आसपास पहिल्यांदा दिसतं. स, श, फ, थ ओळखायला लागणारे बारीक आवाज वरच्याच पट्टीत असतात. आ, ओ, ऊ खालच्या. त्यामुळे ‘साप’ की ‘ताप’ ते समजत नाही, फक्त ‘आ’ ऐकू येतो. आवाज वाढवला की हा ‘आ’ आणि मालिकेतलं ढँण्‌ढँण्‌ संगीत वाढतं, शब्द आहे तिथेच. त्यात हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात.

आधी कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळच असतो. सिव्हिलमध्ये कान-नाक-घशाची ओपीडी आहे. तपासणीचा आलेख हातात आल्याशिवाय ऑनलाइन स्वस्तातलं ‘कानाचं मशीन’ मागवू नका. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं.

मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा. ‘क्लिअर व्हॉइस’, ‘स्पीच’ किंवा ‘न्यूज’ असं काही सापडलं तर ते लावा, सराउंड बंद करा, बास कमी, ट्रेबल थोडा जास्त. सासऱ्यांची खुर्ची पुढे घ्या. अंतर निम्मं झालं की टीव्हीचा थेट आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीतला बाकी कलकलाट आहे तेवढाच राहतो. शहाबादी फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे खोली घुमते. जाड पडदा, सतरंजी, भिंतीवर एखादी चादर यांनी फरक पडतो. सोलापुरात चादरीला काय तोटा!

आता कूलर. मे महिन्यात तो बंद करा म्हणणाऱ्याने आमच्याकडे एक दुपार काढून दाखवावी. तो ठेवायचा कुठे, एवढंच आपल्या हातात. बऱ्याच श्रवणयंत्रांचे माइक समोरचं जास्त, मागचं कमी घेतात. कूलर टीव्हीशेजारच्या खिडकीत असेल तर यंत्राला दोन्ही समोरच, त्याने वेगळं करायचं कसं? आमचा कूलर माझ्या पाठीमागच्या खिडकीत गेला आणि बातम्या कळायला लागल्या. (चार जण एकदम ओरडतात ती चर्चा सोडून. ती चांगल्या कानांनाही कळत नाही.)

तरी भागलं नाही तर आवाज सरळ कानात नेणं हाच खरा उपाय. सासरे यंत्र लावत नसतील तर टीव्हीचा वायरलेस हेडफोन बघा, रेडिओ लहरींवर चालणारा, चार्जिंगच्या स्टँडसकट मिळणारा. साध्या ब्लूटूथमध्ये अनेकदा ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. ओठांवरून अंदाज बांधणाऱ्या माणसाला ते फार छळतं. आणखी एक अडचण म्हणजे हेडफोनच्या जॅकमध्ये पिन घातली की बऱ्याच टीव्हींचा स्पीकर बंद पडतो आणि बाकीचं घर मुकं बघत बसतं. त्यासाठी ऑप्टिकल आउटपुट (आवाज प्रकाशाच्या वायरने बाहेर नेणारं टीव्हीवरचं वेगळं सॉकेट) वापरा, किंवा सेटिंगमध्ये स्पीकर आणि हेडफोन दोन्ही चालू ठेवायची सोय आहे का बघा. मग त्यांचा आवाज त्यांच्यापुरता, तुमचा तुमच्यापुरता.

यंत्र घ्यायचं असेल तर टीव्हीला जोडायचा स्ट्रीमर, म्हणजे टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पाठवणारी डबी, त्याला चालतो का, हे आधीच विचारा. तो सहसा त्याच कंपनीचा लागतो. पैशाची ओढाताण असेल तर 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. 65 च्या पुढच्यांना अशा साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये आहेत, उत्पन्नाची अट आहे. चांगलं यंत्र एवढ्यात येत नाही, हातभार लागतो.

ओटीटीवर सबटायटल असली की लावाच. आणि दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. कुठली वायर बसेल ते दुकानदार त्यावरूनच सांगेल.