तुमचे प्रश्न : डीपी, सबस्टेशन आणि खांबावरचा तो छोटा डबा

प्रश्न : आमच्या शिवारात डीपी आहे, गावाबाहेर सबस्टेशनला भलामोठा ट्रान्सफॉर्मर आहे आणि कारखान्याच्या गेटजवळ खांबावर एक छोटा डबा दिसतो. सगळ्याला ट्रान्सफॉर्मरच म्हणतात, मग ओळखायचं कसं? आणि ६३ केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद) डीपीवर ५ एचपीच्या मोटारी किती चालतात?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आधी एक गंमत, डीपी म्हणजे डबल पोल, म्हणजे ते दोन खांब! पण आता 'डीपी जळाली' म्हटलं की ट्रान्सफॉर्मरच जळाला असतो, त्यामुळे आपणही तसंच म्हणू.

सबस्टेशनवाला पॉवर ट्रान्सफॉर्मर, तो ३३ केव्हीचे (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ११ करतो, घरात थेट काही देत नाही. तुमची डीपी ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करते (काही भागात वरची लाईन २२ ची असते). वर तीन उंच चिनीमातीचे बुशिंग (तारा जोडायचे खुंटे) आणि खाली चार बुटके, तीन फेजचे नि एक न्यूट्रलचा, दिसले की समजायचं हीच ती. १०० केव्हीएच्या डीपीत वर जेमतेम सव्वापाच अँपिअर आणि खाली १३३ जातात, म्हणून खालच्या वायरी एवढ्या जाड.

कारखान्याजवळचा तो डबा बहुतेक सीटी-पीटी, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजण्यापुरते छोटे ट्रान्सफॉर्मर, असणार. त्याला गार करायच्या पट्ट्या नसतात आणि त्यातून बारीक वायरी मीटरच्या पेटीत जातात. त्याच्यावर एक बल्बसुद्धा चालवायचा नसतो, मोठा करंट ५ अँपिअरवर आणि व्होल्टेज ११० वर आणून मीटरला मोजायला द्यायचं, एवढंच काम.

आता मोटारी. ५ एचपीची मोटार साधारण साडेपाच केव्हीए खाते, म्हणजे ६३ वर दहा-अकरा, त्याही सगळ्या धड असतील तर. खरी गोची ऑटोस्विचची, म्हणजे मोटार आपोआप सुरू करणाऱ्या स्विचची आहे, लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार पाच-सहापट करंट ओढते, मग फ्यूज उडतो, मग कुणीतरी तिथे जाड तार बांधतो आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीच जाते!! ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा, त्याने करंट कमी होतो.

डीपी किती केव्हीएची ते नेमप्लेटवर असतं, पण वाचायला वर चढू नका, कुंपणाबाहेरूनच मोबाईलने झूम करून फोटो काढा.