चार साखळ्या दहा आणे म्हणजे किती मीटर?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लांबीच्या मापांविषयीची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात जमिनीचा आणि शेजारधर्माचाही प्रश्न गुंतलेला आहे.

प्रश्न : वाटणीच्या निमित्ताने आमच्या शेताच्या जुन्या फाळणी नकाशाची नक्कल काढली. त्यात एका बाजूवर ‘४-१०’ आणि लगतच्या बाजूवर ‘३-८’ असे आकडे आहेत. ही मापे साखळीची आहेत, असे गावातील जुने लोक सांगतात. मुलाने मोबाइलवर ४.१० चेनचे मीटर काढले, ते सुमारे साडेब्याऐंशी आले. टेप लावून मोजले तर तीच बाजू साडेशेहेचाळीस मीटरच्या आसपास भरते. बांध सरकवला गेला आहे, असे समजावे काय? (एक शेतकरी, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी तसे समजण्याचे काहीच कारण दिसत नाही. टेपने दाखवलेले माप नकाशाशी जुळते. चूक मोबाइलवरच्या हिशेबात आहे, आणि ती एक नसून दोन आहेत.

पहिली चूक साखळीच्या लांबीची. मोबाइलला ठाऊक असलेली ‘चेन’ ही इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर याने १६२० च्या सुमारास प्रचारात आणलेली ६६ फुटांची साखळी होय. तिच्या १०० कड्या असतात आणि अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्यात मात्र एकोणिसाव्या शतकातील जमीनमोजणी तिच्या बरोबर निम्म्या, म्हणजे ३३ फुटांच्या साखळीने झाली आणि तिचे भाग शंभर नव्हे तर सोळा केले गेले. त्या सोळाव्या भागाला, रुपयाच्या हिशेबाप्रमाणे, आणा म्हणत. साखळीची लांबी अशी निवडल्यामुळे एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजेच नेमका एक गुंठा होतो, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. मोजणीदाराला बांधावर उभ्या उभ्या, कागदाशिवाय क्षेत्र सांगता यावे, इतकी ही सोय चांगली होती.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. ‘४-१०’ याचा अर्थ चार साखळ्या दहा आणे असा आहे, चार पूर्णांक एक दशांश असा नाही. दहा आणे म्हणजे साखळीचे सोळापैकी दहा भाग, अर्थात ०.६२५ साखळी. म्हणून आपली बाजू ४.६२५ साखळ्यांची आहे. तिला ३३ ने गुणल्यास १५२.६२५ फूट येतात, आणि फुटांना ०.३०४८ ने गुणल्यास ४६.५२ मीटर. आपल्या चिरंजिवांनी ६६ फुटांची साखळी धरल्यामुळे लांबी दुप्पट झाली आणि आण्यांचे दशांश केल्यामुळे ती थोडी घटली. नुसती ही दुसरीच चूक झाली असती, तर बाजू ४१.२४ मीटर आली असती. तसे झाले असते तर शेजाऱ्यांनाच वाटले असते की आपण त्यांच्या हद्दीत सव्वापाच मीटर शिरला आहात. बांधावरची भांडणे याहून कमी कारणाने कोर्टात गेलेली आहेत.

आता क्षेत्राकडे पाहू. ‘३-८’ म्हणजे साडेतीन साखळ्या. शेत काटकोनी आहे असे धरले, तर ४.६२५ गुणिले ३.५ बरोबर १६.१८७५, म्हणजे सोळा गुंठे तीन आणे. (गुंठ्याचेही सोळाच आणे असतात, मात्र लांबीचा आणा सुमारे २४¾ इंचांचा आणि क्षेत्राचा आणा सुमारे ६८ चौरस फुटांचा, या दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये.) एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि सातबारावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे सोळा गुंठे तीन आणे क्षेत्र सातबारावर सुमारे १६.३८ आर असे दिसायला हवे. गुंठा आणि आर यांत शेकडा सव्वाचाही फरक नाही, म्हणून पुष्कळ लोक बोलताना ते एकच मानतात. एका गुंठ्यापुरते ते चालते. एकरभर जमिनीत मात्र तो फरक ४६ चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे एखाद्या खोलीहून मोठा होतो.

दोन गोष्टी तपासाव्यात. नकाशाच्या कडेला मापाचे प्रमाण आणि परिमाण लिहिलेले असते, ते आधी वाचावे, कारण अलीकडच्या मोजणीचे नकाशे मीटरमध्ये असतात. दुसरे म्हणजे, घरी टेपने केलेले मोजमाप स्वतःच्या समाधानापुरतेच असते; हद्दीविषयी वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून मोजणी करून घ्यावी लागते.

प्रश्न : आईसाठी येथून नऊवारी साडी मागवली. दुकानाच्या पानावर लांबी ८.२५ मीटर लिहिली आहे. आईच्या मते साडी पाऊण मीटर कमी आहे. खरे काय? शिवाय गज आणि वार एकच का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : साडी पूर्ण आहे. नऊवारीतला वार म्हणजे ३६ इंचांचा, मीटरच्या भाषेत ०.९१४४ मीटरचा. नऊ वारांचे ८.२३ मीटर होतात, म्हणजे दुकानदाराने दोन सेंटिमीटर अधिकच दिले आहेत. याच हिशेबाने सहावारी साडी ५.४९ मीटरची होते, आणि म्हणूनच दुकानांत ती साडेपाच मीटरची सांगितली जाते. नेसणारीच्या उंचीनुसार आणि काष्ट्याच्या पद्धतीनुसार काहींना अधिक लांबी लागते हे खरे, पण तो प्रश्न रूपांतराचा नाही.

कापडाच्या दुकानात उभे असताना ०.९१४४ ने गुणणे कोणालाच शक्य नसते. वारांतून त्यांचा बारावा भाग वजा करावा, की मीटर मिळतात: नऊमधून पाऊण गेले, सव्वाआठ राहिले. उलट जायचे असल्यास मीटरमध्ये त्यांचा अकरावा भाग मिळवावा. अकरा मीटर म्हणजे बारा वार, एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे. त्यातली चूक बारा वारांमागे तीन सेंटिमीटरांहूनही कमी आहे.

गजाचे मात्र तसे नाही. बंगालकडे गज ३६ इंचांचा, म्हणजे वाराइतकाच होता. मुंबई इलाख्यातला जुना गज २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा. मद्रासेकडचा ३३ इंचांचा. जुन्या कागदांत गज दिसला, तर तो कोणत्या मुलखातला आहे हे पाहिल्याशिवाय त्याचे मीटर करू नयेत.

प्रश्न : घराच्या स्लॅबसाठी गवंड्याने ‘चार सूत’ सळई सांगितली. दुकानदाराने १२ मिलिमीटरची पाठवली. शेजारचे म्हणतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७. आम्हांला हलका माल दिला का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आठ सुतांचा एक इंच, म्हणून एक सूत ३.१७५ मिलिमीटर आणि चार सूत १२.७, हा शेजाऱ्यांचा हिशेब अचूक आहे. परंतु आज कारखान्यात अर्ध्या इंचाची सळई तयार होत नाही. सळया ८, १०, १२, १६, २०, २५ अशा मिलिमीटरच्या मापांतच येतात, आणि गवंडी त्यांना जवळच्या सुताच्या जुन्या नावाने हाक मारतात: १० ला तीन सूत, १२ ला चार, १६ ला पाच, २० ला सहा. येथे सूत हे माप उरलेले नसून नाव झालेले आहे.

तरीही आपली शंका निरर्थक नाही, कारण सळईचे बळ तिच्या जाडीवर नव्हे तर छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी १२.७ वरून १२ वर आली, तर ती शेकडा साडेपाचाने घटते, पण क्षेत्रफळ शेकडा जवळजवळ अकराने घटते. तीन सुतांच्या जागी १० मिलिमीटर आली, तर उलट शेकडा दहाने वाढते. म्हणून आपल्या अभियंत्याच्या आराखड्यात मिलिमीटरमध्ये काय लिहिले आहे, ते पाहावे. तेथे १२ असेल, तर माल योग्य आहे. कोणी जुन्या हिशेबाने अर्धा इंच गृहीत धरून आकडेमोड केली असेल, तर सळयांची संख्या पुन्हा ठरवावी लागेल.

माल हलका आहे का, हे वजनाने कळते. जाडीचा मिलिमीटरमधला आकडा वर्ग करून त्याला १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरच्या सळईचे ते ०.८९ किलो येते, आणि बारा मीटरची अखंड सळई सुमारे पावणेअकरा किलोंची भरते. थोडा फरक चालतो. नऊ किलो भरली, तर माल परत करावा.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ६ इंच आहे. एका अर्जात सेंटिमीटरमध्ये लिहायची होती. मी ५.६ ला ३०.४८ ने गुणून १७१ लिहिले. डॉक्टरांनी मोजली तर १६८ निघाली. इंचाचे २.५४ सेंटिमीटर हे अंदाजी माप आहे, म्हणून असे झाले का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : २.५४ हा अंदाज नाही. पूर्वी ब्रिटिश इंच २.५४ हून किंचित कमी आणि अमेरिकन इंच किंचित अधिक होता. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांच्या करारानुसार १ जुलै १९५९ पासून तो नेमका २.५४ सेंटिमीटर ठरला आहे. त्यापुढे दशांशस्थळे नाहीतच.

चूक गुणकात नसून ‘५.६’ मध्ये आहे, आणि ती सातारच्या पत्रातल्या ‘४-१०’ची सख्खी बहीण आहे. फुटाचे इंच बारा असतात, म्हणून पाच फूट सहा इंच म्हणजे साडेपाच फूट, अर्थात ५.५. त्याला ३०.४८ ने गुणल्यास १६७.६४ येतात. त्याहून सोपे म्हणजे सगळ्याचे आधी इंच करावेत, ते ६६ होतात, आणि २.५४ ने गुणावे. अर्जात १६८ लिहावे.