हातोड्याला पाणी कुठे दिलंय ते बघा

पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेल्या बॉल पीन (एका बाजूला सपाट तोंड, दुसऱ्या बाजूला गोल पीन) हातोड्याची कपची दुसऱ्याच दिवशी उडाली, महागातला घ्यायला हवा होता का, असं तुम्ही विचारलंय. आधी खरं सांगा, अडकलेली वस्तू सोडवायला एका हातोड्यावर दुसरा मारला होतात ना? कडक पोलाद कडक पोलादावर आपटलं की भारीतलाही कपची सोडतो, आणि ती डोळ्याकडेच येते. आता तो ग्राइंडरवर घासून वाचवायच्या भानगडीत पडू नका, भंगारात टाका.

किमतीपेक्षा पाणी कुठे दिलंय, म्हणजे लाल करून विझवून कडक कुठे केलंय, ते महत्त्वाचं. मी भोसरीत हार्डनिंगवर बरीच वर्षं काढली. साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बनच्या पोलादाचे तुकडे ११००-१२०० अंशांपर्यंत तापवून डायमध्ये ठोकतात, दांड्यासाठी भोक पाडतात, कडेला बाहेर आलेल्या जादा धातूची झालर छाटतात. इथवर सगळे सारखेच. पुढे फक्त तोंड आणि पीन लाल करून विझवायची, भोकाजवळचा भाग मऊच राहू द्यायचा. विझवलेलं तोंड काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून लगेच टेंपर, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवायचा. जुने लोक तोंड घासून चकचकीत करायचे आणि त्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत नजर हटवायचे नाहीत. एकदा आमच्याकडे घाईत अख्खी डोकी पाण्यात बुडवली. सकाळी बघतो तर भोकाच्या कोपऱ्यातून केसाएवढ्या चिरा. सगळा लॉट गेला.

म्हणून दुकानात जाताना खिशात जुनी कानस ठेवा. तोंडाच्या कडेला ती घसरली पाहिजे, भोकाजवळ धरली पाहिजे. दोन्हीकडे धरली तर तोंड आठवड्यात पसरेल. दोन्हीकडे घसरली तर नमस्कार करून बाहेर पडा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

तोंडाची खरी किंमत बघायची तर कसब्यातल्या तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांकडे, चक्कर मारा. मठारकामाच्या (भांड्यावर ठोके देऊन नक्षी उठवायच्या) हातोड्याचं तोंड आरशासारखं ठेवतात, कारण त्यावरचा एक ओरखडा हंड्यावर प्रत्येक ठोक्याला उमटतो.

दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा चांगला. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, मध्येच बाजूला निसटलेल्या नकोत. डोक्यातलं भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतं, वरून पाचर ठोकली की लाकूड फुलून अडकतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये लाकूड आकसतं आणि डोकं डुगडुगायला लागतं. तेव्हा हातोडा रात्रभर बादलीत बुडवायची आपल्याकडे भारी हौस. फुगलेलं लाकूड भोकात चेचलं जातं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं. नवी पाचर ठोका, जवसाचं तेल चोळा.

आणि रंगवलेला दांडा घेऊ नका, खालच्या रेषा दिसत नाहीत.