न केलेली गोष्ट केली म्हणू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. पतसंस्थेच्या रोकडीत १ लाख ८० हजारांची तूट निघाली आणि तीन दिवस तुला सकाळी पोलीस ठाण्यात बोलावून रात्री सोडले, हे तू न रडता सांगितलेस. पण शेवटी विचारलेस, ‘काका, सगळेच म्हणतात तर कदाचित माझ्याच हातून झाले असेल का?’ धीर धर, सत्य बाहेर येतेच, असे तुला घरचे सांगतीलच, म्हणून मी ते लिहीत नाही. मला त्या ‘कदाचित’ची भीती वाटते.

तो शब्द तुझा नाही. १९९६ साली सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. संगणकाची एक ठरावीक कळ दाबायची नाही, असे बजावून त्यांना टंकनाचे काम दिले आणि मध्येच संगणक बंद पाडून ‘तूच ती कळ दाबलीस’ असा आरोप केला. ती कळ कोणीही दाबली नव्हती. तरीही शेकडा ६९ जणांनी कबुलीवर सही केली आणि शेकडा २८ जणांना आपणच ती दाबली असे खरोखर वाटू लागले. ‘मी पाहिले’ म्हणणारा खोटा साक्षीदार समोर असला की हे प्रमाण आणखी वाढत असे. त्या मुलांवर कोणी ओरडले नव्हते, त्यांना कोणी उपाशी बसवले नव्हते आणि त्यांची आई बाहेरच्या बाकावर वाट पाहत नव्हती. तुझ्या बाबतीत यातले सगळे घडले आहे. तेव्हा तुझ्या मनात शंका आली यात तुझा कमकुवतपणा नाही, पण त्या शंकेला तू आठवण समजू लागलास तर मात्र मी तुझ्यावर रागावेन. आजच वही घे आणि त्या दिवशी तू स्वतः काय पाहिलेस, काय मोजलेस ते एका पानावर लिही. तुला इतरांनी काय सांगितले ते दुसऱ्या पानावर लिही. ही दोन पाने एकमेकांत मिसळू देऊ नकोस. जे आठवत नाही त्याला ‘आठवत नाही’ हेच उत्तर आहे, ते दहाव्यांदा विचारले तरी. आणि जे केले नाही ते केले म्हणायचे नाही.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग मात्र धरला जातो. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते. उद्या तुला दंडाधिकाऱ्यासमोर नेले तरी ‘मला कबुली द्यायची नाही’ असे तू म्हणू शकतोस आणि असे म्हणणाऱ्याला त्यानंतर पोलीस कोठडी देण्यास कायद्याने मनाई आहे. नार्कोची, म्हणजे औषध देऊन बोलते करण्याच्या चाचणीची, धमकी दिली असेल तर ऐक: संमतीवाचून ती चाचणी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात ठरवले आहे.

तुझा खरा धोका ठाण्यात नाही, तो तुझ्या व्यवस्थापकाच्या टेबलावर आहे. ‘चूक झाली, रक्कम हप्त्याने भरतो’ असा जो माफीचा कागद त्यांनी तयार ठेवला आहे आणि ज्यावर सही करून मोकळा हो असे तुझा मामा सांगतो, तो पोलिसांना दिलेला जबाब नव्हे. खाजगी व्यक्तीला लिहून दिलेली कबुली न्यायालयात वाचता येते. धाकाने किंवा आमिषाने घेतली, हे पुढे तुलाच मांडत बसावे लागेल. मामाच्या मनात तुझे हितच आहे, हे मला मान्य आहे. पण ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी आरोपीसाठी खणलेला खड्डा मी ३४ वर्षांच्या वकिलीत इतक्यांदा पाहिला आहे की मला आता त्यांच्याशी सभ्यपणे बोलणे जड जाते.

कबुली म्हणजे तपास संपला, असे आपल्याकडे सर्वांनाच वाटते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या शाळेत एका सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, त्याच दिवशी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला गेला आणि त्याने कॅमेऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला. पुढे सीबीआयने तपास हाती घेतल्यावर संशय त्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याकडे वळला आणि २०१८ साली कंडक्टर आरोपमुक्त झाला. मोक्कासारख्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुलीही चालते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात अशाच कबुल्यांवर भर होता. आरोपींनी त्या नाकारल्या, तरी २०१५ साली १२ जणांना शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या कबुल्या अविश्वसनीय ठरवून सर्वांना निर्दोष सोडले. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण १९ वर्षे गेली ती गेलीच, आणि त्यांतला एक जण निकालाआधी कैदेत असतानाच वारला.

आता जे लिहितो ते मी कोणाला फारसे सांगितलेले नाही. वकिलीच्या सहाव्या वर्षी माझ्याकडे विमुक्त समाजातला एक १९ वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप होता. जामीन मंजूर झाला होता, पण सातबारा असलेला जामीनदार त्याला कोण देणार? पाच महिने तो कच्चा कैदी होता. ‘वकीलसाहेब, ती मोटार मी पाहिलीसुद्धा नाही,’ असे तो पहिल्या भेटीतच म्हणाला होता. तरी मीच त्याला सांगितले, ‘गुन्हा कबूल कर, भोगलेली शिक्षा धरून आज संध्याकाळी घरी जाशील.’ तो गेलाही. त्याच्या आईने माझ्या पायांना हात लावला. त्यानंतर तालुक्यात कुठेही चोरी झाली की ‘शिक्षा लागलेला’ म्हणून त्यालाच उचलून नेत. त्याच्यावर कोणी हात उगारला नव्हता, कोणी धमकावले नव्हते. ती खोटी कबुली मी घेतली.

त्यानंतर ‘मी केले नाही’ म्हणणाऱ्या एकाही अशिलाला मी गुन्हा कबूल करायला सांगितले नाही. या हट्टापायी एक माणूस आणखी आठ महिने आत राहिला आणि मग निर्दोष सुटला. तेवढ्यात त्याची नोकरी गेली, आणि त्याची बायको आजही माझ्याशी बोलत नाही. तिचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण त्या माणसाच्या नावापुढे ‘शिक्षा लागलेला’ असे लिहिलेले नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून आजही मी त्याला तेच सांगेन आणि तुलाही तेच सांगतो. जे केले नाही ते केले म्हणायचे नाही: घरी जाण्यासाठी नाही, आईचे रडणे थांबावे म्हणून नाही आणि साहेब आज चांगले बोलले म्हणून तर मुळीच नाही. तूट निघालेल्या रकमेतली एक नोट जरी खरोखर तुझ्याकडे आली असेल तर ती मला सांग. ते ऐकूनही मी तुझाच वकील राहीन.

सोमवारी पुन्हा बोलावले आहे ना? लेखी नोटीस माग, आणि माझ्याशिवाय जाऊ नकोस. माफीच्या कागदाचा फोटो आजच पाठव, सही करू नकोस आणि तो फाडूही नकोस. रविवारी सकाळी नऊला वही घेऊन ये. आईलाही आण, मामा येत असतील तर त्यांनाही येऊ दे, त्यांच्याशी मी बोलेन.

तुझा,
काका